खुर्ची तीच, भाषा नवी

दिवाळीआधी घराला रंग काढला की भिंतीवरची एखादी खुंटी हमखास हलते. दाराच्या डाव्या अंगाचे कॅलेंडर उजव्या अंगाला येते; मिठाची बरणी वरच्या फळीवरून खालच्या फळीवर उतरते. बदल एवढाच, आणि तोही सर्वांच्या सोयीसाठी केलेला. तरी पुढचे पंधरा दिवस घरातला प्रत्येक हात जुन्याच जागी जातो, डोळे रिकाम्या भिंतीला तारीख विचारतात, आणि मग खुंटी हलवणाऱ्याचा सर्वानुमते उद्धार होतो. चार माणसांच्या घरात ही कथा. मग जिथे चारशे माणसे वीस-वीस वर्षे एकाच टेबलाशी, एकाच पद्धतीने काम करीत आली आहेत, अशा कचेरीत एखाद्या सोमवारी सकाळी सर्वच खुंट्या हलल्या तर काय होत असेल?

या प्रश्नाचे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्याच्या पदव्या मिळतात, त्यावर व्याख्याने होतात, आणि मोठमोठ्या कंपन्या ही व्याख्याने ऐकायला आपल्या अधिकाऱ्यांना थंड हवेच्या ठिकाणी पाठवतात. शास्त्राला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. पण मी पडलो मराठीचा मास्तर. कचेऱ्या बदलण्याचा विषय निघाला की मला यंत्रे आठवण्याआधी शब्द आठवतात. कारण आपल्या महाराष्ट्राच्या कचेऱ्यांनी आपली भाषाच बदलून पाहिली आहे, आणि तीही एकदा नव्हे, दोनदा. खुर्ची तीच, दौत तीच, कारकून तोच. फक्त त्याने लिहायचे कशात, ते बदलले. याहून खोल बदल कचेरीत दुसरा नसेल. त्या दोन प्रयोगांत जे साधले आणि जे फसले त्याचा हिशेब मांडला, तर थंड हवेच्या ठिकाणी न जाताही बरेच काही शिकता येईल.

पहिला प्रयोग शिवाजी महाराजांचा. त्यांच्या काळी दरबारी मराठी ही नावाची मराठी होती. क्रियापदे तेवढी आपली, बाकी सारे फारशी. राज्याभिषेक १६७४ साली झाला, आणि त्या सुमारास महाराजांनी कारभारातल्या फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश करवून घेतला. हाच 'राज्यव्यवहारकोश'. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली तो सिद्ध झाला. त्याचे दहा वर्ग आहेत, आणि पाठ करायला सोपा जावा म्हणून तो श्लोकबद्ध आहे. अष्टप्रधानांची नावेही बदलली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव आणि सरनोबताचा सेनापती.

आता या नावांचे पुढे काय झाले ते पाहा. गंमत तिथेच आहे. 'सेनापती' टिकला. 'सचिव' आणि 'अमात्य' ही पदे पुढे वंशपरंपरेने चालली. भोरचे पंत सचिव आणि बावड्याचे पंत अमात्य ही घराणी संस्थाने विलीन होईपर्यंत त्याच नावाने ओळखली गेली. पण सर्वांत मोठ्या पदाला लोक 'पेशवा' म्हणत राहिले ते अखेरपर्यंत. सबंध अठराव्या शतकाला आपण 'पेशवाई' म्हणतो, 'मुख्यप्रधानाई' म्हणत नाही! आणि मुजुमदार, डबीर, चिटणीस, फडणीस, पोतनीस ही मंडळी तर आडनावांच्या रूपाने आजही आपल्या शेजारी राहतात.

किल्ल्यांचेही तसेच. कोंढाण्याचा सिंहगड झाला आणि तो सिंहगडच राहिला. खेळण्याचा विशाळगड झाला आणि तेही नाव रुळले. पण तोरण्याला महाराजांनी 'प्रचंडगड' असे भारदस्त नाव दिले, आणि आजही पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या पोराला कुठे चाललास विचारा. तो 'तोरण्याला' म्हणूनच सांगेल. खुद्द महाराजांच्या आज्ञेने ठेवलेले नाव जर लोकांच्या तोंडी बसले नाही, तर एखाद्या महाव्यवस्थापकाने परिपत्रक काढून काय होणार, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मग प्रयोग फसला का? मुळीच नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी वेगवेगळ्या काळांतले कागद घेऊन त्यांतले मराठी आणि फारशी शब्द चक्क मोजले. १६२८ च्या कागदात मराठी शब्द शेकडा चौदा. १६७७ च्या कागदात शेकडा बासष्ट. आणि १७२८ च्या कागदात शेकडा त्र्याण्णव. तीन कागदांवरून तीन पिढ्यांचा निवाडा करू नये हे खरे, पण वाहत्या पाण्याची दिशा त्यावरून कळते. आणि या आकड्यांतली खोच अशी की, ज्या १७२८ साली कागदातले फारशी शब्द शेकडा सातच्या आत आले, त्याच साली पालखेडला निजामाला कोंडणारा मुख्य प्रधान मात्र लोकांच्या तोंडी 'पेशवा'च होता. म्हणजे कोशातला प्रत्येक शब्द चालला नाही, पण कोशामागचा हेतू चालला. लिहिणाऱ्यांना एक गोष्ट उमगली: 'आपल्या भाषेत राज्य करता येते.' एकदा हे मनात ठसल्यावर कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे त्यांनी आपापल्या सोयीने ठरवले. अर्ज, दफ्तर, हुकूम, तारीख, वसूल हे शब्द त्यांनी सोडले नाहीत. आपणही सोडलेले नाहीत. कचेरीतले सर्वांत गोड दोन शब्द घ्या: 'रजा' अरबीतून आली आणि 'पगार' पोर्तुगिजांकडून. ते बदलण्याचा आग्रह अजून कोणी धरलेला नाही, यातच माणसाचे शहाणपण दिसते.

दुसरा प्रयोग १९६० नंतरचा. एक मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले. राज्य मराठी बोलणाऱ्यांचे, पण त्याच्या कचेऱ्यांतल्या फायली इंग्रजीत. त्याच साली भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ साली 'पदनामकोश' निघाला. पुढे 'महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४' आला, आणि १९६६ पासून, कायद्याच्या भाषेत ज्यांना 'वर्जित प्रयोजने' म्हणतात ती सोडून, राज्याचा कारभार मराठीतून करायचे ठरले. बेत जुनाच: आधी शब्द, मग नियम, मग रोजचे काम.

पदनामकोश आला तेव्हा त्याची टिंगल काय कमी झाली? वृत्तपत्रांतून त्याला 'बदनामकोश' म्हणून घेतले. संस्कृतचे इतके ओझे की शिपायाला आपल्या साहेबाचे पद उच्चारण्यासाठी दात घट्ट करावे लागतील, असा एकूण सूर होता. आणि तरीही त्याच काळात रुळलेले शब्द आज आपण किती सहज बोलतो! संचालक, जिल्हाधिकारी, आयुक्त, अधीक्षक. यांतला एकही आता आपल्याला जड वाटत नाही. टिंगल झाली म्हणून बदल मरत नाही, हे पहिले. आणि टिंगल करणारा माणूस निदान त्या शब्दाकडे पाहत तरी असतो, हे दुसरे. बदलाचा खरा शत्रू हसणारा नव्हेच. जो हसत नाही, भांडत नाही, मान डोलावतो आणि खाली बसून जुनेच करीत राहतो, तो शत्रू.

बदल करणारे सहसा शब्दांवर, यंत्रांवर आणि नियमांवर बोलतात. खुर्चीतल्या माणसाचे काय होते हे फारसे कोणी बोलत नाही. माझे आजोबा, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, त्या वेळी एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. वय बावन्न. त्यांचे इंग्रजी हीच त्यांची इस्टेट. शाळेत मास्तरांची छडी खाऊन कमावलेले, तीस वर्षे फायलींवर घासूनपुसून लखलखीत केलेले इंग्रजी. तरुण अधिकारी नवे येत, त्यांचे मसुदे नानांकडे दुरुस्तीला येत. कचेरीत त्यांचा जो मान होता तो हुद्द्याचा नव्हता, या कसबाचा होता. आणि एके दिवशी त्यांना सांगण्यात आले की, आता हे कसब नको. आता टिपणी मराठीत लिहा.

मराठी त्यांची आईची भाषा. त्यांना ती येत नव्हती असे कोण म्हणेल? पण घरात भाजी निवडताना येणारी मराठी वेगळी आणि फाइलवर चालणारी वेगळी. कोऱ्या कागदापुढे बसले की बावन्न वर्षांचा कर्ता पुरुष सातवीतल्या पोरासारखा अडखळे. शेजारच्या टेबलावर नुकताच लागलेला विशीतला कारकून झरझर लिहीत असे. कारण त्याच्या डोक्यात विसरण्यासारखे काही नव्हतेच. नाना घरी येऊन बोलत नसत. आजी सांगे की, त्या दिवसांत त्यांचे जेवणावरचे लक्ष उडाले होते आणि मुदतीआधी निवृत्ती घेण्याचा विचार त्यांनी दोनदा बोलून दाखवला होता. भाषा बदलली याचे त्यांना दुःख नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना ते स्वतः जाऊन उभे राहिलेले होते; मराठी राज्य व्हावे, मराठीत चालावे, हे त्यांचेच मागणे होते. दुःख होते ते आपण रातोरात अडाणी झालो याचे. बदलाला विरोध करणारा प्रत्येक माणूस बदलाच्या विरुद्ध असतोच असे नाही, ही गोष्ट मी नानांवरून शिकलो. पुष्कळदा तो मनाने बदलाच्या बाजूचाच असतो. फक्त त्या बदलात स्वतःची जागा त्याला दिसत नसते.

नानांना ती जागा दाखवली त्यांच्या साहेबांनी. साहेब मूळचे मद्रासकडचे. मराठी बोलत कामापुरते, लिहीत जवळजवळ नाहीच. त्यांनाही मराठीची परीक्षा द्यायची होती. परिपत्रक आले त्या आठवड्यात त्यांनी एका फाइलवर स्वतःच्या हाताने चार ओळी मराठीत लिहिल्या आणि फाइल नानांकडे पाठवली. ओळींत 'प्रकरण आली आहे' आणि 'फाइल पाहिला' असे सारे लिंगांचे रान माजलेले. नाना पेन्सिलीने हळूच दुरुस्त्या करून फाइल घेऊन आत गेले. साहेब म्हणाले, "पेन्सिल कशाला? लाल शाई घ्या. मी इथे विद्यार्थी आहे."

हेडक्लार्कने साहेबाच्या टिपणीवर लाल शाई चालवायची! सबंध कचेरीत ती फाइल निमित्ते काढकाढून पाहिली गेली. पण त्या दिवसापासून दोन गोष्टी झाल्या. चुकायची कोणालाच लाज उरली नाही. साहेब चुकतो तर आपण का नाही? आणि नाना पुन्हा दुरुस्त करणारे झाले. इंग्रजीच्या तालमीतून आलेली त्यांची जी खरी शक्ती होती, म्हणजे नेमके लिहिणे, फापटपसारा कापणे, एका वाक्यात एकच गोष्ट सांगणे, ती मराठीतही तशीच चालते हे त्यांना उमगले. कसब वाया गेले नव्हते. त्याने नुसता अंगरखा बदलला होता. निवृत्त झाले तोवर त्यांनी निम्म्या कचेरीला मराठी मसुदे शिकवले होते.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दुसरी एक कचेरी होती. तिथल्या साहेबांनी फक्त हुकूम काढला: अमुक तारखेपासून टिपणी मराठीत नसल्यास खुलासा मागवण्यात येईल. परिणाम काय झाला? मंडळी आधी गुपचूप इंग्रजीत लिहीत, मग एखाद्या पोराकडून त्याचे मराठी करवीत आणि ते फाइलला लावीत. काम दुप्पट, वेळ तिप्पट, आणि मराठी अशी की मूळ इंग्रजी वाचल्याशिवाय अर्थ लागू नये. हुकूम तंतोतंत पाळला गेला. बदल मात्र झालाच नाही. शासन तेच, नियम तोच, कोश तोच. दोन मजल्यांत फरक होता तो एका लाल शाईच्या दौतीचा.

हे आजोबांच्या प्रेमापोटी लिहितो आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून सातासमुद्रापलीकडची साक्ष काढतो. अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांतात हारवुड नावाची एक कंपनी पायजमे शिवीत असे. कॉच आणि फ्रेंच या दोघांनी तिथे केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत १९४८ साली प्रसिद्ध झाला. बदल म्हणाल तर अगदी फुटकळ. इस्त्री करून झालेले कपडे पूर्वी पुठ्ठ्यावर रचत, ते आता खोक्यात रचायचे, अशा धर्तीचा. काही कामगारांना बदल नुसता समजावून सांगितला आणि कामाला लावले. काहींना आपले प्रतिनिधी पाठवायला सांगितले. आणि दोन लहान गटांतल्या सर्वांनाच बसवून विचारले: खर्च कमी करायचा आहे, कामात अनावश्यक काय आहे ते तुम्हीच सांगा, पद्धत आपण मिळून ठरवू. पहिल्या गटाचे काम घसरले ते वर आलेच नाही, आणि चाळीस दिवसांत शेकडा सतरा माणसे नोकरी सोडून गेली. ज्या गटांत सर्वांना विचारले होते तिथले एकही माणूस गेले नाही, आणि काम पूर्वीपेक्षा शेकडा चौदाने वाढले. माणसे त्याच तऱ्हेची, पायजमे तेच, खोकी तीच.

याच मंडळींचे गुरू कुर्ट लेविन. त्यांचा प्रयोग तर थेट स्वयंपाकघरातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई झाली, तेव्हा बायकांनी एरवी नाक मुरडतात ते काळीज, गुर्दा वगैरे शिजवावे अशी सरकारची इच्छा. काही गृहिणींना पोषणाची आणि देशभक्तीची उत्तम व्याख्याने दिली. काहींना वर्तुळात बसवून एवढेच विचारले की, तुमच्यासारख्या गृहिणींना हे करायचे झाले तर अडचणी कोणत्या? वास कसा घालवावा, नवरा नको म्हणाला तर काय, हे त्यांनीच बोलून काढले आणि शेवटी करून पाहू म्हणणाऱ्यांनी हात वर केले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांत शेकडा तिघींनी तो पदार्थ केला होता. बोलणाऱ्यांत शेकडा बत्तीस जणींनी. तेवीस वर्षे व्याख्याने देऊन पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हा आकडा सुखाचा नाही, पण खरा आहे. ऐकलेले दुसऱ्याचे असते. बोललेले आपले होते.

इथवर हिशेब जमेचा झाला. आता नावेची बाजू.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. शिक्षण जुनी सातवी. सकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि अग्रलेखावर मत देतात. पती वारल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतनाचा त्यांचा अर्ज एका कार्यालयात पडून होता. एक दिवस त्या पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. पत्रात लिहिले होते: 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या संदर्भाधीन अर्जासोबत आवश्यक ती सहपत्रे संलग्न नसल्याने सदर प्रकरणी पुढील कार्यवाही तूर्तास प्रलंबित ठेवण्यात आलेली आहे.' आजींनी ते तीनदा वाचले होते. त्यांनी मला विचारले, "सर, हे मराठीच आहे ना? मग मला का कळत नाही? पैसे मिळणार आहेत की नाहीत?"

मी कार्यालयात फोन केला. एक दाखला कमी होता. तेवढा आणून दिला की काम होणार होते. 'आजी, अमुक दाखला जोडायचा राहिला आहे, तो पाठवा, म्हणजे पैसे सुरू करतो,' हे एक वाक्य लिहायचे होते. ते न लिहिल्यामुळे एका विधवा बाईचे चार महिने औषधपाण्याच्या ओढाताणीत गेले.

आपल्या दुसऱ्या प्रयोगात जे राहून गेले ते हे. आपण शब्द बदलले, पण शब्दांची ऐट तीच ठेवली. 'करण्यात येते', 'ठेवण्यात आले आहे'. कोण करतो आणि कोण ठेवतो ते कळू द्यायचे नाही, ही साहेबी इंग्रजीची सवय आपण मराठीत जशीच्या तशी उतरवून घेतली. फारशी गेली, इंग्रजी गेली, पण कारकून आणि रयत यांच्यामधली जाळी तेवढी राहिली. फक्त तिला मराठी गज बसवले. साऱ्या खटाटोपाचा हेतू काय होता? सामान्य माणसाला आपल्या सरकारचे बोलणे कळावे. तो हेतू पदनामांच्या आणि परीक्षांच्या गर्दीत हळूहळू मागे पडला, आणि साधनालाच साध्य समजून आपण समाधान मानले. जे संस्थेच्या बदलाचे नेतृत्व करतात त्यांनी हा धोका सर्वांत आधी ओळखावा. बदल 'झाला' असा अहवाल लिहिणे सोपे असते; बदल ज्याच्यासाठी होता त्याला जाऊन विचारणे अवघड.

हे मी आज का लिहितो? कारण तिसरा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. टंकलेखन यंत्रे गेली, संगणक आले. सुरुवातीला प्रत्येक कचेरीचा मराठी टंक वेगळा. एका यंत्रावरचे पत्र दुसऱ्यावर उघडले की अक्षरांऐवजी किडे-मुंग्या दिसत. युनिकोड आल्यावर ते संकट बरेच सरले. कागदाची फाइल पडद्यावर गेली. आता तर पत्राचा मसुदाच यंत्र लिहून देऊ लागले आहे. आणि पुन्हा कुठल्यातरी टेबलाशी एखादे नाना, किंवा एखाद्या नानी, बावन्नाव्या वर्षी अडखळत बसलेल्या आहेत, आणि शेजारचा विशीतला पोरगा झरझर बोटे चालवतो आहे. बँकेत, टपालात, शाळेच्या कार्यालयात तुम्ही त्यांना पाहिले असेल. रांगेत उभे राहून त्यांच्या संथपणावर चिडलाही असाल.

ज्यांच्या हाती अशा कचेऱ्यांची सूत्रे आहेत, त्यांच्यापैकी कोणी फराळ करता करता हा अंक चाळत असतील, तर त्यांच्यापुढे मास्तराच्या अधिकाराने चारच गोष्टी ठेवतो. पहिली, नाव आधी बदलू नका. काम बदलले की नाव आपोआप रुळते. अलीकडे तलाठ्याचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले आहे. गावचा शेतकरी त्याला तलाठीच म्हणतो, आणि सातबारा वेळेवर मिळाला तर त्याला कशाचेच वावडे नाही. दुसरी, जुने आणि नवे काही दिवस शेजारी नांदू द्या, पण किती दिवस ते आधीच सांगा. मुदत नसलेली सवलत म्हणजे बदल न करण्याची परवानगी. तिसरी, नवे कसब स्वतः सर्वांसमोर शिका आणि सर्वांसमोर चुका. चौथी आणि सर्वांत मोठी: ज्याचे जुने कसब तुम्ही मोडीत काढता आहात, त्याला विचारा की त्यातले नव्यात काय चालेल. काही ना काही निघतेच. यंत्र झरझर मसुदा लिहील. पण त्यातले कोणते वाक्य तळमजल्यावरच्या आजींना कळणार नाही, हे तीस वर्षे माणसांच्या तोंडाकडे पाहून काम केलेल्या कारकुनालाच कळेल.

आणि आपण, खिडकीच्या या बाजूचे? आपल्यालाही एक काम आहे. पुढच्या वेळी एखादे न समजणारे सरकारी पत्र आले, तर ते मुकाट्याने एजंटाकडे नेऊ नका. त्याच कागदाच्या पाठीवर लिहून परत पाठवा: 'पत्र मिळाले. अर्थ कळला नाही. कृपया मराठीत कळवावे.' शंभर जणांनी असे केले की कोणत्या तरी टेबलावर एखादा माणूस मान वर करील आणि लाल शाई शोधू लागेल.